उसना दाणा

गोदामातली शिल्लक : १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पोती.

२००९ सालच्या एका सोमवारी सकाळी ही ओळ आमच्या पडद्यावर उमटली. गोदाम शनिवारीच रिकामं झालेलं. धान्यसाठ्याच्या नोंदी ठेवणारी ती संगणकप्रणाली मीच लिहिलेली, म्हणजे चूक कुणाची हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. हाताखालची दोन मुलं घाबरी झाली. एकाला व्हायरसचा संशय, दुसऱ्याला डिस्क गेल्याचा. मी मात्र खुर्चीत मागे रेललो आणि मोठ्यानं हसलो. वीस अंकी तो आकडा मला तोंडपाठ होता. सदतीस वर्षांपूर्वी बार्शीच्या आडत बाजारात, जुन्या हिशेबपट्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिल थुंकीनं ओली करत करत मी तो हातानं काढला होता. काढायला लावणारा माणूस जाऊनही तोवर पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती.

त्यांना सगळे दिवाणजीच म्हणत. वडील त्याच पेढीवर हमाल होते. दिवाणजी गादीवर मांडी घालून रोजकीर्द लिहीत, रात्री खतावणी करत आणि महिन्याच्या शेवटी तेरीज जुळेपर्यंत कुणाशी बोलत नसत. सहामाहीत गणितात मला शंभरापैकी अकरा गुण मिळाले, तेव्हा आमच्या मास्तरांनी वर्गासमोर माझ्या डोक्याची तुलना पाट्या-वरवंट्याशी केली. ते वडिलांच्या कानावर गेलं. त्यांनी मला दिवाणजींसमोर उभं केलं आणि एवढंच म्हणाले, “जरा बघा याच्याकडं.”

साल १९७२. पाऊस नव्हता. बाजारात आवक नव्हती, लिलाव नव्हते, काटा लटकलेला असायचा. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरे होऊन यायचे. घरात रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी. दिवाणजींकडे मात्र आयुष्यात पहिल्यांदाच भरपूर वेळ होता. सुकाळ असता तर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, असं मला अजून वाटतं. माझं गणित दुष्काळाचं देणं आहे.

त्यांनी गोष्ट सांगितली ती बुद्धिबळ शोधून काढणाऱ्या ब्राह्मणाची. राजा खूश झाला, माग म्हणाला. त्यानं मागितलं : पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरं भरून द्या. ही गोष्ट पुढे मी अनेकांच्या तोंडून ऐकली आणि प्रत्येकानं तिच्यातून राजाचा मूर्खपणा काढला. दिवाणजींचं मत वेगळं होतं. “राजा मूर्ख नव्हता रे. हिशेब मांडायच्या आधी त्यानं शब्द दिला. आपल्या बाजारात असे रोज चार भेटतात.” मग त्यांनी पट्ट्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “मांड. घाई नाही.”

मला आठ दिवस लागले. दहाव्या घरापर्यंत मजा वाटली, विसाव्यापर्यंत सवय झाली, तिसाव्यानंतर हात दुखायला लागला. चौसष्टाव्या घराचा माझा आकडा होता ९२०१३८१८०४२९९२५५८०८. मोठ्या रुबाबात मी तो गादीवर ठेवला. दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, “चुकला.”

मी हादरलोच. एकोणीस अंकी आकडा, आणि पाच-सात सेकंदांत चुकला?

त्यांनी अंकांची बेरीज केली होती. ८४. आठ नि चार बारा, एक नि दोन तीन. नवाचा ताळा तीन आला. “दुपटीच्या रांगेत तीन, सहा आणि नऊ यांना पाय ठेवायला जागा नाही,” ते म्हणाले आणि माझ्याकडूनच लिहून घेतलं : १, २, ४, ८, मग १६ चे ७, ३२ चे ५, ६४ चा पुन्हा १. पुढे तेच चक्र. १, २, ४, ८, ७, ५. चौसष्टावं घर या चक्रात ८ वर येतं. माझ्याकडे ३ होते.

आता चूक शोधायची. मी पहिल्या घरापासून तपासायला निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. “मधलं बघ.” बत्तिसाव्या घराचा ताळा २ हवा होता, माझा ३. म्हणजे चूक अलीकडची. सोळावं घर : ३२७६८, ताळा ८, बरोबर. चोविसावं चूक. विसावं, ५२४२८८, बरोबर. बाविसावं, २०९७१५२, बरोबर. तेविसाव्यात मी ४१९४३०४ ऐवजी ४१८४३०४ लिहिलं होतं. सात दुणे चौदाचा हातचा विसरलो होतो. चौसष्ट घरं, आणि सहा ठिकाणी डोकावून चोर सापडला. पुढे संगणकाच्या अभ्यासक्रमात हीच रीत मला ‘द्विभाजन शोध’ अशा भारदस्त नावानं भेटली. मी वर्गात बसल्या बसल्या हमालांच्या घामाचा आणि गूळ-तुरीचा वास घेतला.

एक इशाराही त्यांनी त्याच दिवशी दिला. ताळा जमला म्हणजे हिशेब बरोबर, असं समजू नकोस. ५४ चे ४५ लिहिलेस तर ताळ्याला पत्ता लागत नाही. म्हणून तेरजेत फरक आला आणि त्याला नवानं भाग गेला, तर आधी अंकांची अदलाबदल शोधायची. हे मी नोकरीत शेकडो वेळा वापरलं आणि दर वेळी लोकांनी मला हुशार समजलं.

दुरुस्त करून पुन्हा सगळे आकडे काढले. चौसष्टावं घर : ९२२३३७२०३६८५४७७५८०८. आता चौसष्ट आकड्यांची बेरीज करायची म्हणून मी पट्ट्या एकाखाली एक मांडायला लागलो. दिवाणजी उठले, कोपऱ्यातल्या नमुन्याच्या परातीतून ज्वारीचा एक दाणा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“हा उसना. परत द्यायचा. पहिल्या घराशेजारी ठेव.”

ठेवला. पहिल्या घरातला एक आणि हा एक, झाले दोन. दुसऱ्या घरात दोन, झाले चार. तिसऱ्यात चार, झाले आठ. प्रत्येक घर मागच्या सगळ्या ढिगाला बरोब्बर दुप्पट करत पुढे जात होतं. बेरीज करायची गरजच उरली नाही. चौसष्टाव्या घराशी ढीग झाला त्या घराच्या दुप्पट, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१६. “आता उसना काढून घे.” शेवटचे सहा पुसून मी पाच केले.

तो सहा पुसताना माझ्या अंगावर काटा आला होता. गणितात काही सुंदर असतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. दाणा मात्र मी परत दिला नाही. कंपासपेटीत टाकला, आणि घरी आलो.

आकडा मोठ्यानं वाचायचा कसा, यावर दोन दिवस गेले. एकं, दहं, शतं करत दिवाणजी थेट परार्धापर्यंत चढायचे. शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, आणि त्यांच्या यादीतली नावं तिथं संपतात. आमचा ढीग १८४ परार्धांच्या वर गेलेला. नावं संपली तरी दाणे शिल्लक राहिले, याचं दिवाणजींना फार कौतुक.

वडिलांना यातलं दुसरंच काही हवं होतं. “पोती किती हुतील?” सोनाराच्या तराजूवर आम्ही हजार दाणे तोलले. तीन तोळे भरले, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम. क्विंटलच्या पोत्यात अठ्ठावीस लाखांहून जास्त दाणे. त्या हिशेबानं राजाला जवळपास साडेसहा लाख कोटी पोती द्यायची होती. सगळं जग मिळून आज वर्षाला सहा कोटी टनांच्या आसपास ज्वारी पिकवतं, त्या दरानं दहा हजार वर्षं पुरणार नाहीत. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हमाली कुणाकडनं घ्यायची? राजाकडनं का बामणाकडनं?” दिवाणजींनी हा प्रश्न अगदी गंभीरपणे घेतला. उतराई विकणाऱ्याकडे, भराई घेणाऱ्याकडे, असा निवाडा दिला.

त्याच आठवड्यात पेढीवरून आमच्या घरी दोन पायल्या ज्वारी आली. खरी, पांढरी, मालदांडी. आईनं विचारलं तर वडील म्हणाले, मालकानं दिली. ती दिवाणजींनी स्वतःच्या घरच्या कणगीतून दिली होती, हे मला फार उशिरा, आईकडून कळलं. वडिलांच्या नावावर तिची कुठेही नोंद नव्हती. रोजकीर्दीत एक पैसा न सोडणाऱ्या माणसानं एवढी एक नोंद चुकवली.

आता तो सोमवार. संगणकात एखादी संख्या चौसष्ट घरांत बसवतात. प्रत्येक घरात एक तर शून्य, नाहीतर एक. घरांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुपटीनं चढत जातात. म्हणजे तो आमचाच पट. सगळी घरं भरली की आमचाच ढीग. चौसष्ट घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या तीच. मी प्रणाली लिहिताना गृहीत धरलं की पोती शून्याच्या खाली जाणार नाहीत, आणि चिन्हासाठी एकही घर राखून ठेवलं नाही. शनिवारी कुणीतरी भरलं त्यापेक्षा एक पोतं जास्त बाहेर पडल्याची नोंद केली. शून्यातून एक वजा. पहिल्या घरात द्यायला काही नाही, म्हणून ते दुसऱ्याकडे उसनं मागायला गेलं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि ही उसनवारी चौसष्टाव्या घराच्याही पलीकडे निघून गेली. जुन्या मोटारीचं मीटर शून्याच्या मागे फिरवलं की सगळीकडे नऊ येतात, तसं सगळीकडे एक आले. एका पोत्याचं ऋण, आणि पडद्यावर १८४ परार्धांची शिल्लक.

मराठीत ‘ऋण’ म्हणजे कर्ज आणि ‘ऋण’ म्हणजे वजासुद्धा. मी त्या मुलांना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुरुस्ती कधी करायची ते विचारलं.

पुन्हा बार्शी. बेरीज झाली, तरी दिवाणजी समाधानी नव्हते. “त्याच वाटेनं पुन्हा गेलास तर त्याच खड्ड्यात पडशील. दुसऱ्या वाटेनं ये.” दुसरी वाट वर्गाची. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, मग ६५५३६, मग ४२९४९६७२९६, आणि त्याचा वर्ग म्हणजे उसन्या दाण्यासकटचा आमचा ढीग. फक्त सहा पायऱ्या. सहावीसाठी मला चार पट्ट्या खळीनं चिकटवाव्या लागल्या, पण उत्तर अंकाला अंक जुळलं.

दिवाणजींना ही रीत कुठून मिळाली ते मी विचारलं नाही. नंतर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ वाचली, ११५० सालची, तेव्हा तिथं ती बसलेलीच होती : पदांची संख्या सम असेल तर अर्धी कर आणि ‘वर्ग’ लिही, विषम असेल तर एक वजा कर आणि ‘गुण’ लिही, मग उलट्या क्रमानं ये. शेजारीच उदाहरण. एकानं याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट करत गेला, तर महिन्यात किती निष्क? १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या. त्या सहा कवड्या पाहून मला दिवाणजींचीच लिपी दिसली. अल् बिरूनीनंही साधारण इसवी सन १००० च्या सुमारास बुद्धिबळाच्या पटाची हीच बेरीज लिहून ठेवली आहे, तीही वर्गांच्याच वाटेनं, शेवटच्या पाचापर्यंत बिनचूक. त्याचाही ताळा ६ येतो.

मग ढीग फोडायचा खेळ सुरू झाला. शाळेत मी ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ घोकलं होतं, पण ते कशाला लागतं हे ठाऊक नव्हतं. दिवाणजींनी साधं दाखवलं : चार चोक सोळा, आणि चाराचे शेजारी तीन आणि पाच, त्यांचा गुणाकार पंधरा. वर्गातून एक काढला की शेजाऱ्यांचा गुणाकार उरतो. सोळाच्या वर्गातून एक काढला तर १५ गुणिले १७. पण १५ म्हणजे ३ गुणिले ५ हे आधीच झालेलं. म्हणजे दर पायरीला एकच नवा तुकडा जोडला जातो : ३, ५, १७, २५७, ६५५३७, आणि शेवटचा ४२९४९६७२९७. सहा वर्ग चढताना वाटेत जे जे थांबे लागले, त्यांत एकेक मिळवा, गुणाकार करा, आणि तोच ढीग तयार. यातले पहिले पाच पुढे फुटत नाहीत. सहावा फुटतो का, हा दिवाणजींचा जुना सल होता. मी भेटायच्या आधीच, किती वर्षांपूर्वी कोण जाणे, त्यांनी त्याला ५०० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहिलं होतं. पंच्याण्णव भागाकार. एकही लागला नव्हता. “फुटत नसावा,” ते म्हणायचे. ‘नसावा’वर जोर असायचा.

शालांत परीक्षेत मला गणितात ९२ मिळाले. सोलापूरला कॉलेजात गेलो. ग्रंथालयात गणिताच्या इतिहासाचं एक इंग्रजी पुस्तक हाताला लागलं आणि त्यात ४२९४९६७२९७ पाहून मी उभ्यानंच वाचायला लागलो. सतराव्या शतकातला थोर फ्रेंच गणिती फर्मा यालाही वाटलं होतं की या रांगेतली प्रत्येक संख्या मूळ असावी. १७३२ साली ऑयलरनं ती फोडली : ६४१ गुणिले ६७००४१७. त्याची युक्ती अशी की या संख्येला भाग जायचाच तर तो ६४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येनंच जाईल. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या प्रयत्नाला दार उघडतं. दिवाणजी आंधळेपणानं एकेक भागत ५०० ला थांबले होते. आणखी एकवीस मूळ संख्या पुढे गेले असते तर बार्शीच्या आडतीत ते त्यांना सापडलं असतं. हे मोजल्यावर मला रात्री झोप आली नाही. ज्या पहिल्या पाच तुकड्यांना आम्ही हात न लावता सोडून दिलं होतं, त्यांच्यावरच गाऊसनं पट्टी-कंपासनं काढता येणाऱ्या बहुभुजांचं शास्त्र उभं केलं होतं, हेही त्याच पुस्तकात होतं. पण त्या दिवशी मला गाऊसशी कर्तव्य नव्हतं.

मी पोस्टकार्ड टाकलं. नमस्कार, प्रकृती, आणि खाली एकच ओळ : ६४१ नं भाग जातो.

आठ दिवसांत उत्तर आलं. अर्ध्या कार्डावर संपूर्ण भागाकार, मुंगीएवढ्या अक्षरात. त्याखाली : “६४१ चा ताळा २. ६७००४१७ चा ताळा ७. बे साती चौदा, चौदाचे ५. मूळ आकड्याचा ताळा ५. ताळा जमला. एक दाणा येणे बाकी.”

दिवाळीत गेलो तेव्हा मुठीत ज्वारी घेऊनच गेलो. कंपासपेटीतल्या दाण्याला केव्हाच सोंडे लागून भुसा झाला होता, म्हणून आईच्या डब्यातून आठ-दहा उचलले, व्याजासकट. दिवाणजी थकले होते, पेढीवर दुपारपुरतेच यायचे. मी मूठ उघडली. त्यांनी दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“राहू दे. खातं बंद केलं की माणूस दुकानात यायचा बंद होतो.” आणि लगेच : “ते ६७००४१७ फुटतं का?”

मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय, फुटत नाही.

“पुस्तकानं भागून बघितलं, आपण नाही. फुटत नसेल तर सगळे मिळून सात तुकडे. प्रत्येक तुकडा घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे त्या ढिगाला भाजक किती?”

एकाची सात वेळा दुप्पट. १२८.

“आठव्या घराचे दाणे,” ते म्हणाले. पटाची पहिली ओळ जिथं संपते, तिथले. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

मी त्यांना ६४ च्या पटीची अट समजावून सांगितली. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, त्याच्या पुढे जायचं कारण नाही. लहान चार आधीच बाद झालेल्या. उरल्या सातच : ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. दिवाणजींनी खणातून पट्ट्या काढल्या, तीन मला दिल्या, चार स्वतः घेतल्या. बाहेर गाडीला माल लागत होता, हमालांची मोजणी चालू होती, एक राम, दोन राम. माझे तीन भागाकार झाले, कशालाही भाग गेला नाही. त्यांचे तीन झाले, नाही गेला. शेवटचा २११३ चा त्यांनी सावकाश केला, दर पायरीला थांबून. भागाकार ३१७१ आला. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, आणि खाली रेघ ओढून लिहिलं, बाकी ९४.